कायद्याच्या कागदावर आलेली हुकूमशाही

मराठी घरांत फिलिपिन्सचं नाव बहुधा एकाच वाटेने पोचलेलं असतं, मॅगसेसे पुरस्काराच्या. 1958 साली हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा मानकऱ्यांत विनोबा होते, पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुख. रामोन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे लोकप्रिय अध्यक्ष. 1957 साली ते विमान अपघातात गेले आणि त्यांच्या नावाने सचोटीच्या सार्वजनिक कामाचा सन्मान सुरू झाला. पण 1985 साली बाबा आमटे यांना तो मिळाला, त्या वर्षी मनिलाच्या अध्यक्षीय प्रासादात फर्डिनंड मार्कोस सत्तेचं विसावं वर्ष काढत होता. तो निवडून आला त्या वेळच्या घटनेनुसार अध्यक्षाला सलग आठ वर्षांपेक्षा जास्त राहता येत नव्हतं.

निवडून आलेल्या सरकारवर रणगाडे घालणारे सेनापती आपल्या ओळखीचे असतात. मार्कोसची गोष्ट निराळी आहे. तो दोनदा मतदानाने अध्यक्ष झाला होता आणि लोकशाही मोडण्यासाठी त्याने प्रत्येक पायरीवर कायद्याचाच कागद पुढे केला. त्याचा प्रत्येक हुकूम क्रमांक देऊन, कलमाचा आधार दाखवून निघे. म्हणूनच लोकशाही आतून कशी ढासळते हे समजून घ्यायचं तर हिटलरच्या जर्मनीइतकंच 1972 चं फिलिपिन्सही पाहावं, असं मला वाटतं.

कायदा मार्कोसच्या अंगात मुरलेला होता. विद्यार्थी असताना त्याच्यावर खुनाचा आरोप आला. त्याच्या वडिलांना निवडणुकीत हरवणाऱ्या हुलिओ नालुंदासान यांना 1935 साली घरातच गोळी घालून मारण्यात आलं होतं. त्यात मार्कोस दोषी ठरला. खटला चालू असतानाच तो वकिलीच्या परीक्षेत देशात पहिला आला, सर्वोच्च न्यायालयात स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि 1940 साली निर्दोष सुटला. युद्धानंतर त्याने स्वतःच्या गनिमी पथकाच्या शौर्यकथा सांगितल्या. त्या अमेरिकन सैन्याने तेव्हाच खोट्या ठरवल्या होत्या, पण ते कागद जगापुढे आले 1986 साली. तोवर त्या कथांवर अनेक निवडणुका लढवून झाल्या होत्या.

त्याच्या हाती आलेली लोकशाही मुळात किती भक्कम होती? वरून पाहिलं तर चांगलीच. 1946 साली अमेरिकेकडून स्वातंत्र्य मिळाल्यापासून निवडणुका वेळेवर होत, अध्यक्ष हरत आणि मुकाट्याने खुर्ची सोडत. वृत्तपत्रं बेधडक लिहीत. सिनेटमधली भाषणं ऐकायला गर्दी होई. पण आत शिरलं की चित्र बदलतं. नॅशनलिस्टा आणि लिबरल या दोन पक्षांत विचारांचा फरक जवळजवळ नव्हताच. 1953 साली मॅगसेसे आणि 1964 साली मार्कोस, दोघेही लिबरल पक्षातून नॅशनलिस्टात गेले ते अध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी म्हणून. संसदेत जमीनदार घराणी बसलेली, त्यामुळे कूळकायदे पास व्हायचे ते दात काढलेल्या अवस्थेत. साखर, वीज, वृत्तपत्रं, दूरचित्रवाणी मोजक्या कुटुंबांच्या हाती. मनिलाला वीज पुरवणारी कंपनी, एक मोठं दैनिक आणि सर्वांत मोठं टीव्ही जाळं हे सारं लोपेझ या एकाच घराण्याचं, आणि त्याच घराण्याचा एक भाऊ मार्कोसचा उपाध्यक्ष. निवडणूक कशावर जिंकतात हे विचारलं तर फिलिपिनो माणूस तीन गोष्टी सांगे: बंदुका, गुंड आणि सोनं.

मध्य लुझॉनमधल्या भाताच्या शेतावर राबणाऱ्या कुळाने या लोकशाहीसाठी छातीचा कोट का करावा, या प्रश्नाला तिच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. पुढे जे घडलं त्याचं अर्धं कारण इथे आहे असं मी मानतो. मार्कोसची धूर्तता हे उरलेलं अर्धं.

1969 साली मार्कोस दुसऱ्यांदा निवडून आला. स्वातंत्र्यानंतर सलग दुसरी मुदत मिळवणारा तो पहिलाच अध्यक्ष. त्यासाठी सरकारी पैसा असा ओतला गेला की तिजोरी रिकामी झाली, आणि फेब्रुवारी 1970 मध्ये पेसो मोकळा सोडावा लागला. डॉलरला चारच्या आत असलेला पेसो सहाच्या आसपास घसरला. भाव कडाडले. त्याच वर्षी जानेवारी ते मार्च मनिलाचे रस्ते विद्यार्थ्यांच्या मोर्च्यांनी पेटले. डिसेंबर 1968 मध्ये नवा कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला होता, काही महिन्यांत त्याची सशस्त्र सेनाही आली. दक्षिणेत मिंडानाओ बेटावर मुस्लिम आणि ख्रिश्चन टोळ्यांत रक्तपात चालू होता. देश अडचणीत होता यात शंका नाही. पण कम्युनिस्टांचे पूर्णवेळ बंदूकधारी 1972 सालीही सरकारच्याच हिशेबाने हजारभर होते, आणि हजारभर बंदूकधाऱ्यांनी सुमारे चार कोटींचं राज्य उलथत नसतं.

मार्कोसची खरी अडचण पंचांगाची होती. दुसरी मुदत डिसेंबर 1973 मध्ये संपणार आणि तिसरी घटनेला मान्य नाही.

21 ऑगस्ट 1971 च्या रात्री मनिलाच्या प्लाझा मिरांडा चौकात लिबरल पक्षाची प्रचारसभा चालू असताना व्यासपीठावर हातबॉम्ब पडले. नऊ माणसं मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. सिनेटचे आठही लिबरल उमेदवार जखमींत होते. बॉम्ब कोणी टाकले हा वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा बहुतेकांचं बोट मार्कोसकडे वळलं. पुढे कम्युनिस्ट पक्षाच्याच काही माजी पुढाऱ्यांनी आपल्या नेतृत्वाकडे बोट दाखवलं. मार्कोसने मात्र काही तासांतच हेबिअस कॉर्पसचा हक्क स्थगित केला. अटक झालेल्याला न्यायाधीशापुढे आणून अटकेचं कारण विचारण्याचा हा हक्क. तो गेला की पोलिसांना कोणालाही उचलता येतं आणि का उचललं हे सांगावं लागत नाही. मार्कोसच्याच पक्षाचे सिनेटर होसे डिओक्नो यांनी या निर्णयाच्या निषेधार्थ पक्ष सोडला. मतदारांनीही उत्तर दिलं: नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत सिनेटच्या आठपैकी सहा जागा लिबरलांनी घेतल्या.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश रोबेर्तो कॉन्सेप्सिऑन यांनी लिहिलेला डिसेंबर 1971 चा निकाल दोन तोंडांचा आहे. अध्यक्षाने दिलेली कारणं खरी आहेत की नाहीत हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असं त्यात ठणकावून सांगितलं. मग तपासून पाहिलं आणि अध्यक्षाने मनमानी केलेली नाही असा निर्वाळा दिला. तत्त्व न्यायालयाच्या पदरात पडलं, निर्णय मार्कोसच्या. जानेवारी 1972 मध्ये त्याने तो हक्क पूर्ववत केला. तोवर त्याला हवं ते कळलं होतं. मोठं पाऊल टाकलं तर आरडाओरड होईल, पण अडवणार कोणी नाही.

दुसरी वाट घटना बदलण्याची. नवी घटना लिहायला निवडून दिलेली परिषद जून 1971 पासून बसली होती. संसदीय पद्धत आणली की अध्यक्षाच्या मुदतीचं कलमच उरणार नाही, आणि मार्कोसला पंतप्रधान होऊन राज्य चालू ठेवता येईल. मे 1972 मध्ये एदुआर्दो किंतेरो नावाचे वृद्ध प्रतिनिधी परिषदेत उभे राहिले आणि त्यांनी नोटांची पाकिटं सभागृहासमोर ठेवली. आपल्याला हप्त्याहप्त्याने 11,150 पेसो देण्यात आले, असं त्यांनी सांगितलं. देणाऱ्यांच्या नावांत अध्यक्षाची पत्नी इमेल्डा हिचंही नाव पुढे आलं. मग काय झालं? मे महिना संपण्याच्या आत तपास यंत्रणेने किंतेरो यांच्या घरावर छापा घातला आणि तिथे 3,79,320 पेसो सापडल्याचं जाहीर केलं. लाच उघड करणारा माणूसच लाचखोरीचा आरोपी झाला. हा छापा बेकायदा होता असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं ते 1988 साली. दरम्यान तिसऱ्या मुदतीची वाट बंद करणारा ठराव परिषदेत पडला होता.

1972 चा पावसाळा भयंकर होता. जुलै-ऑगस्टच्या पुरात मध्य लुझॉन बुडालं, तांदळासाठी रांगा लागल्या. त्याच सुमारास मनिलात बॉम्ब फुटू लागले, बहुतेक रात्री आणि सामसूम जागी. 13 सप्टेंबरला विरोधी पक्षाचे तरुण सिनेटर बेनिग्नो ‘निनॉय’ अक्विनो यांनी मार्कोसची लष्करी कायद्याची योजनाच तिच्या सांकेतिक नावासह सिनेटमध्ये उघड केली. म्हणजे जे येऊ घातलं होतं ते गुपित राहिलं नव्हतं. 21 सप्टेंबरला विरोधात मोठी सभाही झाली, त्याच प्लाझा मिरांडात.

22 सप्टेंबरच्या संध्याकाळी संरक्षणमंत्री हुआन पॉन्से एन्रिले याच्या मोटारीवर गोळ्या झाडण्यात आल्या. तो त्या मोटारीत नव्हता, मागच्या सुरक्षा गाडीत होता, आणि त्याला ओरखडाही उठला नाही. लष्करी कायदा आता अटळ झाला, असं मार्कोसने त्या रात्री रोजनिशीत नोंदवलं. फेब्रुवारी 1986 मध्ये मार्कोसविरुद्ध उठाव करताना एन्रिलेनेच हा हल्ला रचलेला होता अशी कबुली दिली. म्हातारपणी आत्मचरित्रात मात्र हल्ला खरा होता असं म्हणून शब्द फिरवला. घोषणेच्या कागदावर तारीख होती 21 सप्टेंबर, म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवसाची. ज्या घटनेने घोषणा अटळ केली म्हणायचं, तिच्याआधीच घोषणेवर तारीख पडलेली होती.

कागदाचा क्रमांक 1081. आधार 1935 च्या घटनेतल्या एका वाक्याचा: परकीय आक्रमण, बंड किंवा त्यांचा तातडीचा धोका असेल तर अध्यक्ष देशाला लष्करी कायद्याखाली आणू शकतो. संसदेची परवानगी घ्यावी असं त्या वाक्यात नव्हतं. हे किती दिवस चालेल हेही नव्हतं. संकटकाळाचा अधिकार लिहिताना त्याला मुदत आणि पहारेकरी दोन्ही द्यायचे राहून गेले, आणि 37 वर्षं कोणाला त्याची उणीव भासली नाही.

त्या रात्री अक्विनो मनिलाच्या हिल्टन हॉटेलात जकातींच्या कायद्यावर संसदीय समितीच्या बैठकीत होते. मध्यरात्रीच्या सुमारास एक कर्नल दारात आला. पहाटेपर्यंत डिओक्नो, इतर विरोधक, संपादक, पत्रकार, घटना परिषदेतले काही प्रतिनिधी असे शेकडो जण कोठडीत होते. 23 तारखेला शनिवारी सकाळी लोक उठले तर दारात वर्तमानपत्र नाही, रेडिओवर खरखर, टीव्हीचा पडदा कोरा. दिवसभर शहर अफवांवर चाललं. संध्याकाळी सव्वासातला मार्कोस पडद्यावर आला आणि त्याने शांत आवाजात सांगितलं की हे लष्कराने सत्ता घेणं नाही, राज्य मुलकीच आहे, आणि सारं घटनेला धरून आहे.

यानंतर मनिला पेटायला हवं होतं, पण पेटलं नाही. मोर्च्यांचे पुढारी तुरुंगात होते हे एक कारण झालं. दुसरं कारण मान्य करायला जड जातं: पुष्कळांना सुटल्यासारखं वाटलं. रात्रीची संचारबंदी लागली, लोकांकडून पाच लाखांवर बंदुका गोळा झाल्या, राजकारण्यांच्या खाजगी टोळ्या मोडल्या, रस्त्यावरची गुन्हेगारी खाली आली. लांब केस राखणाऱ्या तरुणांना धरून केस कापले गेले, आणि मध्यमवर्गातल्या अनेक वडीलधाऱ्यांना तेही पसंत पडलं. महिन्याभरात भात आणि मक्याच्या कुळांना जमिनीची मालकी देण्याचा हुकूम निघाला. लोपेझ घराण्याचं साम्राज्य हिसकावलं गेलं तेव्हा बड्या घराण्यांचा माज उतरला असंच लोकांना वाटलं. ते मार्कोसच्या नातलगांकडे आणि मित्रांकडे जातंय हे उमगायला वेळ लागला. अमेरिकन व्यापाऱ्यांच्या संघाने अभिनंदनाची तार पाठवली. क्लार्क आणि सुबिक इथले लष्करी तळ सुरक्षित होते, व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, त्यामुळे वॉशिंग्टननेही हूं का चूं केलं नाही.

पण मला सर्वांत बोधक वाटतात ते यानंतरचे चार महिने. सत्ता हाती असूनही मार्कोस कागद जमवत राहिला.

पहिल्याच दिवसांत त्याने हुकूम काढला की न्यायालयं चालू राहतील, मात्र घोषणेच्या किंवा तिच्याखालच्या हुकमांच्या वैधतेचे खटले ती ऐकणार नाहीत. दुसऱ्या हुकमाने सरकारी अधिकाऱ्यांनी राजीनामे लिहून द्यायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश त्यातून वगळले गेले, पण खालच्या न्यायालयांतले न्यायाधीश आपला राजीनामा अध्यक्षाच्या खणात ठेवून निकाल लिहू लागले. संसदेला आमिष मिळालं. नव्या घटनेत सोय होती की संक्रमणाच्या तरतुदींना होकार देणारे परिषदेचे प्रतिनिधी हंगामी राष्ट्रीय सभेचे आपोआप सदस्य होतील, आणि तयारी लेखी कळवणारे विद्यमान सिनेटर आणि खासदारही. निम्म्याहून जास्त सिनेटर आणि खासदारांची मोठी बहुसंख्या सह्या करून मोकळी झाली. जुनी संसद वाचवण्यात ज्यांचा जीव असायला हवा होता त्यांनी नवी खुर्ची राखून ठेवली. ती हंगामी सभा मार्कोसने कधीच भरवली नाही. जानेवारी 1973 मध्ये अधिवेशनाच्या ठरल्या दिवशी काही सदस्य संसदेत गेले तेव्हा दारं बंद होती.

घटनेला लोकांची मान्यता गुप्त मतदानाने घ्यायची होती. विरोध दिसू लागताच ते मतदान पुढे ढकललं गेलं आणि 10 ते 15 जानेवारी 1973 या दिवसांत गावोगाव ‘नागरिक सभा’ भरवल्या गेल्या. पंधरा वर्षांच्या मुलांनाही त्यांत मत होतं. चौकात उभं राहून, सरकारी माणसांच्या डोळ्यांदेखत हात वर करायचा. स्वस्त तांदूळ कोणाला हवा असं विचारून वर झालेल्या हातांचे फोटो घेतल्याच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. 17 जानेवारीला निकाल जाहीर झाला: बाजूने 1,49,76,561, विरोधात 7,43,869. शेवटच्या आकड्यापर्यंत काटेकोर.

याविरुद्धच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 31 मार्च 1973 ला निकाल दिला. दहापैकी सहा न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं की ही घटना रीतसर मंजूर झालेली नाही. एवढ्यावर याचिका जिंकायला हव्या होत्या. पण पुढचा प्रश्न होता की लोकांनी ती मुकाट्याने स्वीकारली आहे का, आणि न्यायालयाने आता काही करावं का. तिथे पारडं फिरलं. सहा विरुद्ध चार अशा मतांनी याचिका फेटाळल्या गेल्या. नवी घटना अमलात मानायला आता न्यायालयीन अडथळा उरलेला नाही, या अर्थाचं वाक्य निकालाच्या शेवटी आलं. ते आपल्या मताशी जुळत नाही हे कॉन्सेप्सिऑन यांनी नोंदवलं आणि निवृत्तीचं वय गाठायच्या काही आठवडे आधीच ते खुर्ची सोडून गेले. ज्यांनी 1971 साली मार्कोसला संशयाचा फायदा दिला, तेच 1973 साली अल्पमतात उभे होते. दोन निकालांत सव्वा वर्षाचंच अंतर होतं, पण अडवण्याची ताकद तेवढ्यात निघून गेली होती.

पुढची तेरा वर्षं थोडक्यात सांगता येतील. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदींनुसार सुमारे 70,000 माणसं तुरुंगात गेली, 34,000 जणांचा छळ झाला, 3,240 जण मारले गेले. परकीय कर्ज दोन-अडीच अब्ज डॉलरवरून 26 अब्जांच्या घरात गेलं. अक्विनो साडेसात वर्षं कोठडीत काढून उपचारांसाठी अमेरिकेला गेले आणि 21 ऑगस्ट 1983 ला परतले, तेव्हा मनिलाच्या विमानतळावरच त्यांना गोळी घातली गेली. अखेर फेब्रुवारी 1986 मध्ये लाखो लोक मनिलातल्या एद्सा या हमरस्त्यावर रणगाड्यांसमोर बसले आणि मार्कोस अमेरिकन विमानाने हवाई बेटांकडे पळाला. 1972 साली घरात बसलेलीच ही माणसं. त्यांना रस्त्यावर यायला तेरा वर्षांचे अनुभव लागले.

नवी घटना लिहायला निनॉय यांच्या पत्नी आणि नव्या अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी नेमलेल्या आयोगात निवृत्त सरन्यायाधीश कॉन्सेप्सिऑन होते. न्यायसंस्थेचं प्रकरण त्यांनीच मांडलं, आणि त्यात अधिकारांबरोबर कर्तव्य लिहिलं: सरकारच्या कोणत्याही शाखेने अधिकाराचा घोर गैरवापर केला आहे का, हे ठरवणं न्यायालयावर बंधनकारक आहे. 1987 साली लोकांनी गुप्त मतदानाने मंजूर केलेल्या या घटनेत लष्करी कायद्याचं ते एक वाक्य आता लांबलचक कलम झालं आहे. मुदत साठ दिवस. 48 तासांत संसदेला अहवाल. संसद बहुमताने लष्करी कायदा रद्द करू शकते, आणि अध्यक्ष ते उलटवू शकत नाही. कोणाही नागरिकाने याचिका केली तर सर्वोच्च न्यायालयाने तीस दिवसांत कारणं तपासून निकाल द्यायचा. हेबिअस कॉर्पस स्थगित असताना पकडलेल्यावर तीन दिवसांत आरोप ठेवायचा, नाही तर सोडायचं. डिओक्नो यांना आरोपाविना जवळपास दोन वर्षं डांबलं होतं.

कलमांनी स्मृती टिकत नाही. 2022 साली मार्कोसचा मुलगा तीन कोटींहून अधिक मतं मिळवून, कायदेशीररीत्या, अध्यक्ष झाला. वडिलांचा काळ सुवर्णयुग होता हे समाजमाध्यमांवर पसरलेलं चित्र त्याच्या कामी आलं. पण कलमांनी काहीच होत नाही असंही म्हणता येत नाही. मे 2017 मध्ये मारावी शहरात इस्लामी अतिरेकी घुसले तेव्हा अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते याने मिंडानाओवर लष्करी कायदा लावला. न्यायालयाने कारणं तपासली आणि तो मान्य केला, संसदेनेही त्याला तीनदा मुदतवाढ दिली. दोन्ही संस्था ढिल्या वागल्या असं मला वाटतं. तरी दुतेर्तेला दर वेळी मुदत मागायला संसदेच्या दारात यावं लागलं, सभागृहात कारणं सांगावी लागली आणि नावानिशी मतदान झालं. 31 डिसेंबर 2019 ला तिसरी मुदतवाढ संपली. चौथी मागितली गेली नाही.